नऊ एमएम पिस्तूल खोलणं-जोडणं: साफसफाई आणि तिच्या आधी-नंतरची दोन मिनिटं

पिस्तूल उघडून टेबलावर मांडलेलं असतं तेव्हा ते कुणालाही इजा करू शकत नाही. स्लाईड (वरचा सरकणारा भाग) एकीकडे, बॅरल (नळी) दुसरीकडे, स्प्रिंग तिसरीकडे. अपघात होतात ते उघडण्याच्या आधीच्या मिनिटात, नाहीतर जोडून झाल्यावरच्या मिनिटात. म्हणून इथे तेल-चिंधीपेक्षा त्या दोन मिनिटांवर जास्त भर आहे.

इथे डोळ्यासमोर धरलंय ते आपल्याकडे पोलीस आणि लष्करात वर्षानुवर्षं वापरात असलेलं ‘पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए’. पश्चिम बंगालमधल्या रायफल फॅक्टरी इशापूरचं हे पिस्तूल मुळात ब्राउनिंग हाय-पॉवर. जॉन ब्राउनिंग यांनी सुरू केलेलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर बेल्जियमच्या एफएन कारखान्यात दिएदोने सेव्ह यांनी पुरं केलेलं हे डिझाइन १९३५ साली आलं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या इंग्लिस कंपनीने ते बनवलं आणि आपलं १ए त्याच घराण्यातलं. काडतूस ९ × १९, मॅगझिन १३ राउंडचं. नऊ एमएम हा बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहे, त्यामुळे हे शस्त्र हातात येतं ते सरकारी नोंदीवरूनच. परवान्यावर .३२ बोअरचं पिस्तूल बाळगणाऱ्यांनी ते खाली (म्हणजे रिकामं) करण्याची शिस्त जशीच्या तशी उचलावी, उघडण्याची पद्धत मात्र नाही. कित्येक .३२ पिस्तुलांत बॅरल बॉडीला (मुठीसकटच्या सांगाड्याला) पक्कं बसवलेलं असतं आणि स्लाईड काढायची तऱ्हाच निराळी असते. त्यासाठी त्या-त्या पिस्तुलाची पुस्तिका बघा.

आधी जागा

टेबलावर फिकट रंगाचं जुनं सुती कापड अंथरा. काळ्या सतरंजीवर छोटा भाग पडला की तो शोधण्यात अर्धा तास जातो. नळीचं तोंड ज्या दिशेला राहील तिकडे वाळूने भरलेली बादली किंवा पेटी हवी. कोतासमोर (शस्त्रागारासमोर) ती असतेच, इतरत्र सोय करून घ्यावी लागते. विटांची भिंत, लाकडी दार, शेजारची खोली ‘रिकामी आहे’ ही समजूत, यातलं काहीही सुरक्षित दिशा नाही.

पिस्तूल उघडण्याआधी त्या खोलीत दारूगोळा उरता कामा नये. मॅगझिनमधले राउंड काढायचे, मोजायचे आणि दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या माणसाच्या ताब्यात ठेवायचे. टीव्ही बंद, फोन बाजूला. एकाच वेळी दोन पिस्तुलं उघडू नका. भाग सारखे दिसतात, पण प्रत्येक पिस्तुलाचे आपापल्या जागी घासून बसलेले असतात. अदलाबदल झाली की नंतर ‘हे पिस्तूल अडकतं’ अशी तक्रार येते आणि कारण कुणालाच सापडत नाही.

खाली करणं

क्रम एकच आहे आणि तो कधीच उलटायचा नाही: आधी मॅगझिन, मग स्लाईड. उलट केलं तर काय होतं ते नीट समजून घ्या. मॅगझिन आत असताना स्लाईड ओढली की चेंबरमधला (नळीच्या मागच्या टोकाच्या घरातला) राउंड उडून बाहेर पडतो. तो पडलेला दिसतो, मन निर्धास्त होतं. पण स्लाईड पुढे जाताना मॅगझिनमधला पुढचा राउंड चेंबरमध्ये ढकलते. त्यानंतर मॅगझिन काढलं तर हातात मॅगझिन असतं, टेबलावर एक राउंड असतो आणि चेंबर पुन्हा भरलेलं असतं.

तर, तोंड वाळूकडे, बोट ट्रिगरगार्डच्या बाहेर, बॉडीला सरळ टेकवलेलं. ट्रिगरच्या मागे डाव्या बाजूला असलेलं बटण दाबा आणि मॅगझिन हाताने खाली ओढा. या पिस्तुलात मॅगझिन बहुधा आपोआप खाली पडत नाही. मॅगझिन सेफ्टीचा (मॅगझिन आत नसताना ट्रिगर निकामी ठेवणाऱ्या सोयीचा) छोटा भाग त्याला आतून घासत असतो. अर्धवट सुटलेलं मॅगझिन ‘निघालं’ असं समजू नका, ते हातात आलं पाहिजे.

आता सेफ्टी, म्हणजे डाव्या बाजूचा अंगठ्याने वर-खाली करायचा खटका. घोडा चढवलेला असेल आणि सेफ्टी वर असेल, तर स्लाईड हलणारच नाही, कारण सेफ्टी स्लाईडलाही अडवते. म्हणजे चेंबर रिकामं करायला सेफ्टी खाली घ्यावीच लागते. भरलेलं असण्याची शक्यता असलेलं, घोडा चढलेलं पिस्तूल या क्षणी फक्त तुमच्या बोटाच्या शिस्तीवर असतं. सेफ्टी अंगठ्याने खाली करताना बाकीची बोटं आवळली जातात, हा हाताचा स्वभाव आहे. म्हणून तर्जनी बॉडीवर ताठ टेकवूनच सेफ्टी खाली करा.

स्लाईड जोरात मागे ओढा. राउंड आत असेल तर तो उडू द्या, हवेत झेलायला जाऊ नका आणि राउंड बाहेर येतो त्या खिडकीवर तळवाही धरू नका. पुन्हा एकदा ओढा. मग स्लाईड मागे ओढून डाव्या अंगठ्याने स्लाईड स्टॉप वर लावा म्हणजे ती मागेच अडकून राहील. आता बघा: चेंबर रिकामं, मॅगझिनची जागा रिकामी. डोळ्यांनी बघून झालं की करंगळीचं टोक चेंबरच्या तोंडाशी लावून चाचपा. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात पितळी पुंगळीची कड चेंबरच्या कडेसारखीच दिसते, बोटाला मात्र फरक लगेच कळतो.

मग राउंड मोजा. दहा घेतले होते तर दहा समोर दिसले पाहिजेत. नऊच असले तर पिस्तूल तोंड वाळूकडे करून तसंच ठेवा आणि दहावा सापडेपर्यंत पुढचं काही करू नका.

खोलणं

उजव्या हातात मूठ धरा. डाव्या हाताने स्लाईड वरून पकडा, तळवा नळीच्या तोंडापुढे येऊ न देता. स्लाईड थोडी मागे ओढून स्लाईड स्टॉप खाली करा आणि स्लाईडला हळूहळू पुढे येऊ द्या. स्लाईडच्या डाव्या खालच्या कडेला खाचा आहेत. त्यातली मागची नेहमीच्या सेफ्टीची. तिच्या पुढची खाच सेफ्टीच्या खटक्यासमोर आली की अंगठ्याने सेफ्टी वर ढकलून त्या खाचेत अडकवा. स्लाईड तिथेच, अर्ध्यावर थांबेल.

या जागी स्लाईड स्टॉप मोकळा होतो. बॉडीच्या उजव्या बाजूला त्याच्या पिनचं गोल टोक दिसतं. ते बोटाने आत दाबा, डावीकडे स्लाईड स्टॉप बाहेर सरकेल, तो ओढून काढा. पहिल्या झटक्याला तो घट्ट लागतो, कारण स्प्रिंग गाईडमधली छोटी गोळी त्याला धरून असते. बोटाने जमलं नाही तर लाकडी काडी किंवा प्लॅस्टिकच्या पेनचं टोपण वापरा. खिळा, स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड यांची इथे गरज नाही. ती लागली तर स्लाईड योग्य खाचेत नाही असं समजा.

आता स्लाईड घट्ट धरून सेफ्टी खाली करा आणि स्लाईड सावकाश पुढे सरकवत बॉडीवरून काढून घ्या. हात सैल असेल तर ती झटक्याने पुढे जाते, आणि फरशीवर पडलेल्या स्लाईडची कड दबली की ती पुन्हा रुळावर सुरळीत बसत नाही.

स्लाईड उलटी करा. बॅरलच्या खाली रिकॉईल स्प्रिंग आणि तिची गाईड असते. गाईडचं डोकं बॅरलखालच्या पाकळीला टेकलेलं असतं. त्यावर अंगठा ठेवून नळीच्या तोंडाकडे दाबा, वर उचला आणि अंगठा न काढता स्प्रिंगला ताण सोडू द्या. स्प्रिंग उडते ती इथेच, म्हणून चेहरा वर वाकवू नका. चष्मा असेल तर घालाच. डोक्याची कोणती बाजू बॅरलकडे होती ते बघून ठेवा. सरकारी शस्त्राचे फोटो मोबाईलमध्ये काढायचा मोह आवरा, कागदावर एक रेघोटी पुरते. मग बॅरल मागून उचलून बाहेर घ्या.

झालं. बॉडी, स्लाईड, बॅरल, स्प्रिंग, गाईड, स्लाईड स्टॉप आणि मॅगझिन. नेहमीच्या साफसफाईला एवढंच खोलायचं. स्लाईडच्या मागची छोटी पट्टी काढून फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग काढणं, ग्रिप उघडणं, ट्रिगरचे भाग सोडवणं ही आर्मररची (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याची) कामं. फायरिंग पिनची स्प्रिंग सुटली की कपाटाखाली जाते. शिवाय ती पट्टी अर्धवट बसली तर पुढच्या फायरिंगला त्रास होतो. उघड्या बॉडीत घोडा चढवलेलाच राहू द्या, तो खाली-वर करून बघू नका.

घासायचं काय आणि कशाने

लागतं ते थोडंच: नऊ एमएमचा ब्रॉन्झ ब्रश आणि रॉड, किंवा पुल-थ्रू (चिंधी बांधून नळीतून ओढायची दोरी), फ्लॅनेलच्या चिंध्या, जुना दात घासायचा ब्रश, कार्बन सोडवणारा सॉल्व्हंट, आणि शस्त्रासाठीचं पातळ तेल. ते तेल मिळालं नाही तर शिलाई मशीनचं तेल तात्पुरतं चालेल. स्वयंपाकघरातलं कुठलंही नाही. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. नाशिक-महाबळेश्वरच्या हिवाळ्यात सकाळी बॉडीच्या रुळात पांढरं मेण बसलेलं दिसतं ते तेच. शेंगदाणा आणि करडईचं तेल हवेने हळूहळू चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. रॉकेलने पोलादी भागावरचा कार्बन निघतो, पण ते गंजापासून वाचवत नाही. त्याने धुतलेला भाग पूर्ण पुसून लगेच तेल द्यावं लागतं, आणि जवळपास शेगडी किंवा विडी नको. पॉलिश पेपर, एमरी, भांडी घासायचा काथ्या यांनी पिस्तूल चकचकीत दिसतं. त्या चकाकीखाली कोटिंग गेलेलं असतं आणि पहिल्याच पावसात तिथे गंज येतो.

बॅरल हातात सुटं असतं, त्यामुळे चेंबरच्या बाजूने साफ करायचं सुख इथे मिळतं. रॉड तोंडाच्या बाजूने घातला तर तोंडाच्या कडा झिजतात, आणि गोळी सरळ सुटणं त्या कडांवरच अवलंबून असतं. सॉल्व्हंटची ओली चिंधी एकदा पलीकडे काढा, पाच मिनिटं थांबा. मग ब्रश चेंबरकडून घालून पूर्ण बाहेर काढायचा, मगच मागे ओढायचा. असं आठ-दहा वेळा. आतच अर्ध्यावर दिशा बदलली तर ब्रशचे केस दुमडतात आणि तो अडकतो. त्यानंतर कोरड्या चिंध्या, एकामागून एक. पहिली काळी, दुसरी राखाडी, चौथी-पाचवी जवळपास पांढरी यायला हवी. शेवटी बॅरल उजेडाकडे धरून आतून बघा. सहा चरे (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा) स्वच्छ दिसले पाहिजेत आणि त्यांच्या कोपऱ्यात काळी रेघ नको. चिंधीचा तुकडा आत राहिला नाही ना, हेही तेव्हाच बघायचं. अडकलेल्या चिंधीवर गोळी सुटली तर बॅरल फुगतं किंवा फुटतं. चिंधी जाड होऊन अडकली तर ज्या बाजूने घातली त्याच बाजूला लाकडी काठीने उलट ढकला. पुढे ठोकलं तर ती आणखी घट्ट बसते.

बॅरलवर चेंबरच्या पुढे वरच्या बाजूला दोन आडव्या कडा आहेत, त्या स्लाईडच्या खाचांत अडकतात. खाली पाकळीत तिरकी खाच आहे. गोळी सुटल्यावर ती बॉडीतल्या आडव्या पट्टीवरून घसरते आणि बॅरलचं मागचं टोक खाली येतं, म्हणून स्लाईड सुटते. कार्बन साचतो आणि झीज दिसते ती नेमकी या दोन जागी, म्हणून ब्रश तिथे फिरवा.

स्लाईडमध्ये सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या भागाची) नखी. तिच्या खाली पितळेचा भुगा आणि कार्बन यांचा कडक थर जमतो. नखी पुंगळीची कड नीट पकडत नाही, रिकामी पुंगळी चेंबरमध्ये राहते आणि मागचा राउंड तिच्यावर आदळतो. फायरिंगला ‘पिस्तूल अडकलं’ म्हणतात त्यातल्या बऱ्याच वेळा दोष इथे असतो. दातांचा ब्रश, नंतर टूथपिकला गुंडाळलेली चिंधी. स्लाईडचा सपाट पृष्ठभाग, जिथे काडतुसाचा तळ टेकतो, तोही पुसा. पण तिथल्या फायरिंग पिनच्या भोकात तेल सोडू नका. तेलात धूळ बसते, पिन जड होते आणि घोडा पडूनही राउंड सुटत नाही.

बॉडीत आतपर्यंत जायची गरज नाही. रूळ, राउंड ज्यावरून चेंबरमध्ये चढतो तो उतार, इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) आजूबाजूची जागा पुसली की पुरे. तेल ओतू नका, ते ट्रिगरच्या भागांत उतरतं आणि मग ग्रिपखाली साचतं.

तेल किती? प्रत्येक रुळावर एक थेंब, बॅरलच्या बाहेरच्या अंगाला तोंडाजवळ एक, वरच्या दोन कडांवर मिळून एक, खालच्या पाकळीला एक. बोटाने पसरवा. बोटावर चकाकी दिसावी, ओघळ नाही. नळीच्या आत साठवणुकीसाठी पातळ थर ठेवायचा आणि फायरिंगच्या आधी कोरड्या चिंधीने काढायचा.

मॅगझिन महिन्या-दोन महिन्यांनी उघडलं तरी चालतं. तळाच्या भोकातून आतली चकती दाबून तळपट्टी पुढे सरकवायची, अंगठा स्प्रिंगवरच ठेवून. स्प्रिंगचं कोणतं टोक फॉलोअरकडे (राउंडांना वर ढकलणाऱ्या पट्टीकडे) होतं ते लक्षात ठेवा. उलटी बसली की फॉलोअर तिरका होतो. आतून फक्त कोरडं पुसायचं. मॅगझिनमधलं तेल काडतुसांवर जातं आणि हळूहळू त्यांच्या तळाच्या टोपीतही (पिन आपटते तिथे) झिरपू शकतं.

कोकणात आणि पावसात

मुंबई-रत्नागिरीच्या हवेत घामाचा हात लागलेल्या स्लाईडवर एका रात्रीत तांबूस ठिपके येतात. बंदोबस्तावरून भिजून आलात तर पिस्तूल आधी पुसा, मग कपडे बदला. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून कपाट बंद करणं हे गंजाला आमंत्रण आहे. चामडं ओल धरून ठेवतं. होल्स्टर वेगळं वाळवा, पिस्तूल तेलाच्या कापडात ठेवा. जून ते सप्टेंबर फायरिंग झालं नसलं तरी आठवड्यातून एकदा बाहेरून पुसणं रास्त आहे.

जोडणं

बॅरल स्लाईडमध्ये, वरच्या कडा खाचांत बसतील असं. स्प्रिंग गाईडवर, गाईडचं डोकं पाकळीला टेकवून, त्याचं भोक आडव्या रेषेत. घोडा चढवलेला आणि सेफ्टी खाली असल्याची खात्री करून स्लाईड पुढून बॉडीच्या रुळांवर सरकवा. ठोकू नका. अडली तर बहुतेक वेळा घोडा खाली आलेला असतो किंवा स्लाईड तिरकी लागलेली असते. मागे ओढत नेऊन सेफ्टी पुन्हा त्या पुढच्या खाचेत अडकवा आणि डावीकडून स्लाईड स्टॉप घाला. पिन अर्ध्यावर थांबली तर गाईडचं भोक रेषेत नाही. स्लाईड केसभर पुढे-मागे करून पुन्हा दाबा. गोळीचा ‘टक’ जाणवतो आणि पिनचं टोक उजवीकडे बॉडीशी समतल येतं. ते आत राहिलं असेल तर पिन पूर्ण बसलेली नाही.

जोडल्यानंतरचं मिनिट

घोडा चढलेला आहे आणि तो उतरवायचा आहे. पण या पिस्तुलात मॅगझिन आत नसेल तर ट्रिगर दाबून घोडा पडत नाही, तशी त्याची मॅगझिन सेफ्टी आहे. म्हणजे घोडा उतरवायला मॅगझिन आत घालावं लागतं. साफसफाई झाली, कंटाळा आला, टेबलावर दोन मॅगझिन पडली आहेत, हात एक उचलतो. गडबड होते ती इथेच.

म्हणून मॅगझिन घालण्याआधी ते उलटं करून तोंडाकडे बघा. फॉलोअर दिसला पाहिजे, पितळ नाही. अंगठ्याने दाबून सोडा. मग तोंड वाळूकडे, मॅगझिन आत, स्लाईड मागे. रिकामं मॅगझिन असेल तर स्लाईड मागेच अडकते. ती अडकली नाही तर हातातून सोडू नका. मागे धरूनच चेंबर आणि मॅगझिन पुन्हा बघा.

अडकलेली स्लाईड स्लाईड स्टॉप दाबून पुढे घ्या. आता तपासण्या. सेफ्टी वर करून ट्रिगर दाबा, घोडा पडता कामा नये. ट्रिगर सोडा, सेफ्टी खाली करा, तेव्हाही पडता कामा नये. मग ट्रिगर दाबा, पडला पाहिजे. ट्रिगर दाबूनच ठेवून स्लाईड मागे ओढा, मग स्लाईड स्टॉप दाबून पुढे घ्या: घोडा चढलेलाच राहिला पाहिजे आणि ट्रिगर सोडून पुन्हा दाबल्यावरच पडला पाहिजे. शेवटी मॅगझिन काढून, स्लाईड ओढून ट्रिगर दाबा, आता घोडा पडता कामा नये. यातलं एकही चुकलं तर पिस्तूल रिकामंच ठेवून आर्मररकडे द्या. सेफ्टी ‘कधीकधी’ न धरणारं पिस्तूल पुन्हा नोंदीवर घेऊ नका.

तपासणी संपल्यावर रिकामं मॅगझिन घालून घोडा उतरवा आणि मॅगझिन काढा. घोडा खाली असताना सेफ्टी वर जात नाही, ती जोर लावून वर ढकलायचा प्रयत्न करू नका.

हात साबणाने धुवा, नखांखालीही. काडतुसाच्या टोपीतलं शिसं चिंध्यांवर आणि बोटांवर आलेलं असतं. ते धुतल्याशिवाय चहाचा कप धरू नका. चिंध्या पिशवीत बांधून टाका, चुलीत नको.

फायरिंग झालं असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही बॅरलमधून एक-एक तेलाची चिंधी काढा. पहिल्या दिवशी पांढरी निघालेली चिंधी दुसऱ्या दिवशी बहुधा पुन्हा राखाडी निघते. चऱ्यांच्या कोपऱ्यात राहिलेला कार्बन रात्रभरात तेलाने सुटलेला असतो.